पूलभोवतीची झाडं: नर्सरीनं काय दिलं, उन्हाळ्यानं काय ठेवलं

फार्महाऊसवर स्विमिंग पूल बांधायचं फॅड आता आपल्या खान्देशातही चांगलंच आलंय, आणि पूल बांधून झाला की लगेच पुढचा खर्च म्हणजे त्याच्याभोवतीची झाडं. आमच्या मोठ्या दादानं अमळनेर तालुक्यातल्या मळ्यात घराच्या मागं ३० बाय १५ फुटांचा पूल बांधला आणि हायवेवरच्या एका मोठ्या नर्सरीकडून पूलसाइड लँडस्केपचं पॅकेज घेतलं, म्हणजे झाडं, खड्डे, माती, ठिबक, लॉन, सगळं एकरकमी. दादा नाशिकला, त्यामुळं झाडं जगवायचं काम माझ्याकडं आणि आमच्या सालदाराकडं. आता उन्हाळा, पाऊस, वादळ सगळं बघून झालंय म्हणून हा रिव्ह्यू टाकतोय. नर्सरीचं नाव टाकत नाहीये, कारण माझी तक्रार माणसांबद्दल कमी आणि त्यांच्या यादीबद्दल जास्त आहे, आणि ही यादी कुठंही गेलात तरी जवळपास सारखीच हातात ठेवतात.

आधीच सांगून टाकतो: रोपं दणकट होती, माणसं बोलायला चांगली, काम ठरल्या तारखेला झालं. पण यादी लोणावळ्याची आणि ऊन अमळनेरचं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५च्या आसपास खेळतो, दुपारी पश्चिमेकडून लू सुटते, जमीन काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, आणि पाणी बोअरचं, जड. यातलं काहीच त्या यादीत धरलेलं नव्हतं. पूलजवळचं झाड निवडताना बहुतेक लोक फुलं बघतात, फोटो बघतात. माझं मत आता पक्कं झालंय की पान बघा. पान केवढं आहे, कधी गळतं, आणि मे महिन्यात झाडावर राहतं का. बाकी सगळं नंतर.

पानाचं एवढं का लावलंय तर ऐका. पूलच्या पाण्यात क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) ठेवायचं असतं आणि पीएच ७.२ ते ७.८. पाण्यात पाला, फुलं, परागकण काहीही पडलं की क्लोरीन आधी त्याच्यावर खर्च होतं, मग पाण्यातल्या जंतूंना उरत नाही, वरून आपलं ऊनही क्लोरीन खातंच. दोन दिवस पाला तळाशी बसून राहिला तर फरशीवर चहासारखा डाग उमटतो तो वेगळा. मोठं पान पाण्यावर तरंगतं, जाळीनं उचललं की विषय संपला. बारीक पान स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, बास्केटमधून आरपार जातं आणि थेट पंपाकडं, नाहीतर फिल्टरच्या वाळूत जाऊन बसतं. म्हणजे पान जेवढं बारीक तेवढा ताप जास्त.

आता पॅकेजमधलं एकेक घेतो.

अरेका पाम. पश्चिमेच्या बाजूला रांगेनं लावले होते, कॅटलॉगमधल्या फोटोत एकदम बालीचं रिसॉर्ट वाटत होतं. पहिल्याच एप्रिलमध्ये टोकं करपायला लागली आणि मे संपेपर्यंत अख्खी रांग झाडूच्या दुकानासारखी दिसायला लागली. पाणी कमी पडलं म्हणावं तर ठिबक रोज चालू होतं. अरेका मूळचा मादागास्करचा, तिथल्या दमट भागातला, त्याला कोरडी लू सोसत नाही, त्यात जड पाण्याचे क्षार टोकाशी साचतात. गंमत म्हणजे गुलमोहरही मादागास्करचाच, तो आपल्याकडं भर उन्हात लालभडक फुलतो, त्यामुळं नुसत्या देशावरून काही कळत नाही. अरेका घराच्या पूर्वेला, भिंतीच्या सावलीत ठेवला तर झकास राहतो, आम्ही उरलेले तिकडं हलवले आणि तिथं ते खरंच छान आहेत. पूलच्या उन्हातल्या काठाला मात्र शून्य मार्क.

फॉक्सटेल पाम मात्र पैसा वसूल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा आहे, ऊन बऱ्यापैकी झेपवतो, एकच सरळ खोड, आणि जुनी फांदी पिकली की आपोआप सुटून अख्खी खाली पडते, कापायला शिडी लावावी लागत नाही. पामच्या मुळ्या तंतूंसारख्या असतात, वडा-पिंपळासारख्या जाड होऊन भिंत उचलत नाहीत, त्यामुळं पूलपासून सहा-सात फुटांवर बिनधास्त लावता येतो. महाग आहे आणि पहिली दोन-तीन वर्षं वाढतच नाही असं वाटतं, तेवढं धरून चाला. कुणी स्वस्तात मिळतं म्हणून नाल्याकाठची शिंदी उपटून आणायचा सल्ला देईल, ती आपल्या मातीतली आहे, जगेलही, पण तिच्या पानांच्या बुडाशी जे सुईसारखे काटे असतात ते अनवाण्या पायांच्या जागी नकोच.

फायकस. इथं आमचं थोडं वाजलं. गोल कापलेले फायकसचे बॉल पूलच्या भिंतीपासून तीन फुटांवर लावायचे असं ड्रॉइंगमध्ये होतं. वड, पिंपळ, उंबर आणि हा फायकस, सगळं एकच खानदान, पाणी असेल तिकडं मूळ नेणारं. आणि पूल म्हणजे काय, उन्हाळ्यात आसपासच्या कोरड्या जमिनीतली एकमेव ओली जागा, पाइपचा एखादा जॉइंट जरी पाझरत असला तरी मूळ तिथं पोचणार. नर्सरीवाले म्हणाले, 'दादा, कापून लहानच ठेवायचंय, मुळ्याही लहानच राहतील.' आम्ही म्हटलं मग कुंडीतच द्या. कुंडीत दिले, मोठ्या सिमेंटच्या कुंड्या फुकट दिल्या, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. कुंडीतले फायकस आज मस्त आहेत.

त्याच यादीत 'झटपट ग्रीन वॉल' म्हणून कोनोकार्पस होता. वर्षभरात डोक्याच्या वर जातो, ऊन सोसतो, सगळं खरं. पण शेजारच्या गुजरातनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण मुळ्या गटारं, पाइप, केबल यांच्यात घुसतात आणि हिवाळ्यातल्या परागकणांनी सर्दी-खोकला, दमा, ॲलर्जीचा त्रास होतो असं त्यांचं म्हणणं. नंदुरबार, नवापूरकडच्या लोकांना हे माहीत असेलच. बंदी असो नसो, ज्या झाडाची मूळं पाइपात घुसतात ते मी पंपरूमशेजारी का लावू? ते यादीतून सरळ उडवलं.

बोगनवेल. मला स्वतःला बोगनवेल भयंकर आवडते, आपल्या उन्हात एवढा रंग दुसरं कुणी देत नाही, पाणी तोडलं तर उलट जास्त बहरते. पण तिची ती कागदी पाकळ्यांसारखी रंगीत पानं वाऱ्यानं उडतात आणि संध्याकाळी पाण्यावर गुलाबी थर. दिसायला सुंदर, फोटोही भारी येतात, मग बास्केट काढा आणि हातानं चिकटलेले कागद सोडवा. वर काटे. आम्ही ती गेटच्या कमानीवर नेली, म्हणजे पूलच्या पूर्वेला. वारा उन्हाळाभर पश्चिमेकडून येतो, त्यामुळं तिचा कचरा आता पाण्यात न पडता बाहेरच्या रस्त्यावर जातो. कुठलंही कचरा करणारं झाड हवंच असेल तर वारा जिकडं जातो त्या बाजूला लावा, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मं काम कमी होतं.

आता चाफा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पॅकेजमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं झाड हेच निघालं. पूलजवळ चाफा लावतात ते नुसतं रिसॉर्टची नक्कल म्हणून नाही, त्याला कारण आहे. पान हातभर, गळालं तर एकेक उचलता येतं. फूल गळतं तेही अख्खं, तरंगत राहतं, लगदा होत नाही. मुळ्या फार आक्रमक नाहीत. पाणी कमी लागतं. आमच्याकडं तीन तऱ्हेचे आले. एक नेहमीचा देवचाफा, टोकदार पानाचा, तो हिवाळ्यात पूर्ण झडतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत नुसत्या काठ्या उभ्या. काहींना ते आवडतं, दादाला नाही आवडलं. दुसरा गोल टोकाच्या, चकचकीत हिरव्या पानाचा पांढरा चाफा, तो बऱ्यापैकी हिरवा राहतो, सावलीही देतो. तिसरा नागचाफा, ज्याचं पान चमच्यासारखं, टोकाकडं रुंद असतं. मूळचा पनामा-कोलंबियाकडचा, पण इथं असा रुळलाय जसा काही आपल्या बोरी नदीच्या काठीच जन्मला. भर मे महिन्यात पांढऱ्या फुलांचे गुच्छ, वास जवळजवळ नाहीच, ही एक खंत, पण फुलायचं थांबत नाही.

पावसाळ्याच्या शेवटी देवचाफ्याचं पान उलटं करून बघा, खालून नारिंगी पावडर दिसेल, बोट फिरवलं की बोटाला हळदीसारखी लागते. तो तांबेरा, बुरशीचा रोग. पान वरून पिवळं ठिपक्याठिपक्यांचं होतं आणि भराभर गळतं, म्हणजे ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात पाण्यात पाला. गळलेली पानं उचलून लांब नेऊन टाकायची, झाडाखाली राहू द्यायची नाहीत, आणि झाडं दाटीनं लावायची नाहीत, हवा खेळली पाहिजे. नागचाफ्यावर आमच्याकडं हा तांबेरा फारसा आला नाही. अजून एक, चाफ्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. लहान पोरं फुलं तोडायला झोंबतात म्हणून सांगून ठेवलेलं बरं.

चाफ्याचा खरा शत्रू ऊन नाही, आपली काळी जमीन आहे. पावसाळ्यात काळीत पाणी धरून राहतं आणि चाफ्याचं बूड सडतं. नर्सरीच्या पोरांनी दीड फुटाचे खड्डे काढून त्यात काढलेलीच काळी माती शेणखत मिसळून परत भरायला घेतली होती. आमच्या सालदारानंच त्यांना थांबवलं. मग तीन फुटांचे खड्डे, तळाला खडी, वर मुरूम आणि शेणखत, थोडी काळी, आणि बूड जमिनीपेक्षा वीतभर उंच. कामगारांनी कुरकुर केली, वरची मजुरी मागितली, दिली. शेजारच्या मळ्यात त्याच नर्सरीचे चाफे साध्या खड्ड्यात लावलेत, ते पहिल्या जोरदार पावसाळ्यातच आडवे झाले. नागचाफा विकत घ्यायचीही फार गरज नाही खरं तर, कुणाकडं असेल तर हातभर फांदी मागा, सावलीत आठवडाभर कापलेलं तोंड सुकू द्या, मग लावा, उन्हाळ्याच्या तोंडाला लावली तर सहसा फसत नाही.

काळ्या जमिनीची दुसरी भानगड म्हणजे ती पाणी मिळालं की फुगते आणि सुकली की आकसते. पूलच्या भिंतीला खेटून एका बाजूला ठिबक आणि दुसरी बाजू कोरडीठाक, असं ठेवलं तर भिंतीवर सारखा दाब नाही राहत. म्हणून भिंतीलगत तीनेक फूट झाडच नको, तिथं मुरमाचा भराव आणि वर फरशी किंवा खडी. पॅकेजमध्ये अगदी काठापर्यंत लॉन होतं. लॉन कापलं की गवताचे तुकडे ओल्या पायांना चिकटून थेट पाण्यात, म्हणून आम्ही ते मागं सरकवून घेतलं. बारीक झुडपं चार फुटांपासून पुढं, मोठी झाडं वीस-पंचवीस फुटांच्या पलीकडं.

झुडपांचं पटकन सांगतो. स्पायडर लिली एक नंबर, जाड पान, कचरा नाही, कितीही तुडवा परत उठते. कर्दळ, तिला पाणी भरपूर लागतं पण जिथं आंघोळीच्या शॉवरचं पाणी जातं तिथं लावली की फुकटात पोसली जाते. बुटकी तगर चांगली, हिरवीगार राहते. एक्झोरा पैसे वाया, त्याला आंबट माती लागते, आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या पाण्यावर पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, लोह देऊन देऊन थकलो. कुंतीचा वास रात्री स्वर्ग आहे पण पांढऱ्या पाकळ्यांचा सडा आणि दिवसा मधमाश्या, त्यामुळं ती ओट्याजवळ, पाण्याजवळ नको. कण्हेर आपल्या हायवेच्या डिव्हायडरवर बिनपाण्याची जगते म्हणून पॅकेजमध्ये हमखास असतेच, पण पान, फूल, फांदी सगळं विषारी आहे, पिवळीही तशीच, आणि जिथं पोरं खेळतात, तोंडात काहीही घालतात तिथं ती नको म्हणजे नकोच. वहिनीनं ती उतरवूच दिली नाही, टेम्पोतूनच परत.

बांबू लावू का असं खूप जण विचारतात. सालदार एकच वाक्य बोलला, 'भाऊ, हाई झाड आपला काम नं नही.' वर्षभर बारीक वाळकी पानं, दुसरं काय.

केळी लावा असं पण कुणीतरी म्हणालं, तापीपल्याड चोपडा-रावेरला सगळं रान केळीचं म्हणून. पान मोठं, मूळ निरुपद्रवी, कागदावर अगदी बसतं. पण वाऱ्यानं पान फाटून चिंध्या होतात, मे-जूनच्या वादळात अख्खं झाड आडवं होतं, आणि चिकाचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही. शेतात ठीक आहे भो.

आणि आता आमचा निंब. विहिरीजवळ, पूलच्या पश्चिमेला चाळीसेक फुटांवर मोठा कडुनिंब आहे. नर्सरीच्या डिझायनरनं पहिल्याच भेटीत सांगितलं की हा काढावा लागेल. त्याचं चूक नव्हतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, मार्च-एप्रिलमध्ये फुलं, जूनमध्ये निंबोळ्या, आणि वारा बरोबर त्याच्याकडून पूलकडं. निंबाचं फूल दाण्याएवढं, कुठल्याही बास्केटमधून जातं, सकाळी पाण्यावर पिवळसर साय धरल्यासारखं दिसतं आणि फिल्टरच्या प्रेशरचा काटा चढलेला. पण घरातले वडीलधारे नाना खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत, तिथूनच म्हणाले, 'पूल काल आला, निंब माझ्या बापानं लावलाय.' विषय बंद. मग आम्ही दुसरा उपाय केला, पॉलीहाऊसवाल्याकडून उरलेली शेडनेट आणली, कडेनं दोरी ओवून मार्च-एप्रिलमध्ये पूल वापरात नसेल तेव्हा वर ताणून बांधतो, गेटला कुलूप. याचा दुसरा फायदा असा की पाणी कमी उडतं. मे महिन्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडतं आपल्याकडं, आणि ४५० चौरस फुटांच्या पूलमध्ये एक सेंटिमीटर म्हणजे ४०० लिटरच्या वर. बोअर आटायच्या दिवसांत हा हिशेब करून बघा.

ठिबकचं काम नर्सरीनं चांगलं केलं, झाडांची आणि झुडपांची लाइन वेगळी काढून दिली, म्हणजे चाफ्याला आठवड्यानं आणि कर्दळीला रोज असं देता येतं. एकच घोळ होता, त्यांनी फिल्टरच्या बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटं पाणी सोडून धुतल्यावर निघणारं, पाणी पाइप टाकून थेट लॉनच्या चारीत सोडलं होतं, पाणी वाचतं म्हणून. क्लोरीनचं पाणी ताजं ताजं मुळाशी दिलं की पान जळतं, आणि मिठाच्या सिस्टिमचा, म्हणजे पाण्यात मीठ घालून त्यापासून क्लोरीन करणारा पूल असेल तर अजूनच वाईट, काळ्या जमिनीत मीठ साचलं की निघत नाही. आता ते पाणी बांधापलीकडच्या शोषखड्ड्यात जातं.

रिप्लेसमेंटची गॅरंटी सहा महिन्यांची होती, लागवड जुलैत, म्हणजे गॅरंटी जानेवारीत संपली. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, तेव्हा कागद हातात काही नाही. तरी मेलेल्या अरेकांचे फोटो पाठवल्यावर त्यांनी अर्ध्या किमतीत नागचाफे दिले, तेवढा मान ठेवला. कुणी असं पॅकेज घेणार असेल तर गॅरंटी पुढच्या जूनपर्यंत लिहून घ्या, त्यांची रोपं शेडनेटखाली वाढलेली असतात ती थेट उन्हात लावण्याआधी पंधरा दिवस उघड्यावर ठेवायला सांगा, आणि लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावरच. पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा स्टार निव्वळ त्या कुंड्यांसाठी.

आता पश्चिमेला निंब आणि पूलच्या मध्ये आडोसा करायचा राहिलाय, जो लू अडवेल, निंबाची फुलं झेलेल आणि स्वतः कचरा करणार नाही. नर्सरीवाला सरळसोट अशोक म्हणतोय, पण तो वसंतात पानं टाकतो आणि फळांसाठी वटवाघळं येतात. माझ्या डोक्यात पुत्रंजीवा आहे, सदाहरित, दाट, कापून घेतो, फक्त सावकाश वाढतो. धुळे-जळगाव पट्ट्यात काळ्या जमिनीत, बोअरच्या पाण्यावर कुणी पुत्रंजीवा वाढवला असेल तर किती वर्षांत डोक्याएवढा झाला ते नक्की सांगा, पाऊस पडायच्या आत ऑर्डर द्यायचीय.